थोरलीला समुद्र दाखवायला

समुद्र पाहावा असं मला लहानपणापासून वाटत होतं, पण चाळिशी उलटेपर्यंत भोरच्या बाहेर पडून मी पुण्यापलीकडे गेले नव्हते. शेवटी श्रीवर्धनला जायचं ठरलं ते माझ्या इच्छेनं नाहीच. ठरलं ते भागीमुळे. आणि भागी वारून वीस-बावीस वर्षं झाली होती.

भागी म्हणजे तानूबाईची सवत. तानूबाई डोंगरातल्या पासली गावची. हिरडे, तूप, कधी नवा तांदूळ घेऊन ती भोरच्या बाजाराला येते आणि आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर मुक्काम करते. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक टाक असतो, बोटाच्या पेराएवढा, पातळ पत्र्याचा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. आमच्या मावळात दुसरेपणावर दिलेली मुलगी गेलेल्या सवतीचा असा टाक गळ्यात घालते. तानूबाई त्याला ‘थोरली’ म्हणते. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, सणाचा पहिला घास टाकासमोर ठेवायचा, माहेरी जायचं तर टाकाला विचारून. हे सगळं ती इतक्या सहज करते, की पाहणाऱ्याला तिसरं माणूस घरात वावरतंय असंच वाटावं.

थोरली मूळची श्रीवर्धनची. तिचा बाप तिथे सुपारीच्या वाडीत कामाला होता. तानूबाईचा नवरा धोंडिबा तरुणपणी मढेघाटानं बैल उतरवून मीठ आणायला कोकणात जायचा, तिथे ही सोयरीक जमली. लग्नानंतर तिसऱ्या पावसाळ्यात भागी तापानं गेली.

यंदा पौषात तानूबाई ओट्यावर आली ती गप्प. खोदून विचारलं तेव्हा बोलली.

“थोरली सपनात येती, बाई. उंबऱ्यात हुबी ऱ्हाती. पदर वला. बोलत न्हाई काय न्हाई. देवऋषी म्हनला, तिला समिंदर दाखव. म्होरं काय करायचं ते तीच सांगंल.”

“पुढे काय करायचं म्हणजे?”

तानूबाईनं टाक मुठीत धरला. “तिथंच सोडायची का परत आनायची. घरधनी म्हनत्यात परत आन. माझं मन म्हनतं, इतकी वर्सं डोंगरात गळ्याला बांधून ठिवली, आता माहेरी सोडावी. पर सोडली आन् कोपली तर? न सोडली आन् कोपली तर?”

मी पटकन म्हणून गेले, “मी येते तुमच्याबरोबर.” म्हणाले आणि मलाच नवल वाटलं. यजमानांना सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून डोळे वर केले. “टाकाला समुद्र दाखवायला?” असं विचारून हसले, पण नाही म्हणाले नाहीत. मुलींच्या शाळेतून मी आठवड्याची रजा काढली.

मीही दुसरेपणावरच दिलेली आहे, हे इथे सांगून टाकते. आमच्या घरात टाक वगैरे काही नाही. यजमान नव्या विचारांचे. त्यांनी लग्नातच सांगितलं होतं की असलं काही चालायचं नाही. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. मात्र टाकाबरोबर पहिलीचं नावही घरातून गेलं. तिचं नाव द्वारका होतं, ते मला शेजारणीकडून कळलं.

माघाच्या पौर्णिमेला तीन दिवस असताना आम्ही निघालो. भोरहून महाडला मोटर सकाळी सुटते असं म्हणतात, पण ती सुटते भरल्यावर. ज्या भगिनींना जायचं असेल त्यांनी पुढच्या बाजूची जागा आधीच सांगून ठेवावी आणि आवळ्याची सुपारी जवळ बाळगावी. वरंधा घाटाची वळणं पोटाला मानवत नाहीत. भाडं दीड रुपया पडलं. धोंडिबा निरोप द्यायला पासलीहून आदल्या दिवशीच उतरला होता. डोक्याचं मुंडासं हातात घेऊन तो मोटरीच्या चाकाशी उभा राहिला.

“परत आनायची बरं का तिला,” तो तानूबाईला म्हणाला.

“ती काय म्हनंल तसं.”

“ती काय म्हनायची? जित्तेपनी बी कधी काय बोलली न्हाई.” मग माझ्याकडे वळून हसत म्हणाला, “बाई, हिला समिंदराचं पानी पिऊ दिऊ नका. हिला वाटंल फुकाट हाय तर पोटभर प्यावं.”

“बगा, बगा,” तानूबाई म्हणाली, “दोगी बायका निगाल्या तरी ह्यांचं तोंड हितंच वाजतंय.” मोटर हलली तेव्हा मात्र ती मागे वळून मुंडासं दिसेनासं होईपर्यंत पाहत होती.

हिरडोशीच्या खोऱ्यात भातखाचरं कापून मोकळी झाली होती. सावलीच्या बाजूला दहिवर अजून पांढरं होतं. घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळाशी मोटर थांबली, ड्रायव्हरनं नारळ फोडला, सगळ्यांना खोबऱ्याचे तुकडे वाटले. समोर कडा एकदम तुटलेला, आणि खाली काठोकाठ भरलेलं निळं-पांढरं काहीतरी, संथ, त्यातून टेकड्यांची डोकी वर आलेली.

“बाई,” तानूबाई माझा दंड धरून पुटपुटली, “ह्योच का समिंदर?”

“मावशी, धुकं हाय त्ये,” ड्रायव्हर म्हणाला. “समुद्र अजून दोन दिस लांब हाय.”

तरी तिनं टाक पदराबाहेर काढून दरीकडे धरला. “बग गं थोरले. तुजा मुलूक.”

मोटरीतली माणसं हसली नाहीत. एका म्हातारबुवांनी हात जोडले.

महाडला यजमानांच्या ओळखीच्या घरी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी सावित्रीच्या पाण्यात पडाव लागला. पडाव म्हणजे शिडाची मोठी नाव. माल आणि माणसं एकत्र बसतात, तेव्हा बसायला घोंगडी आणि उन्हाला छत्री जवळ असावी. आमच्या पडावात भाताची पोती, गुळाच्या ढेपी आणि एक बकरी होती. नाव हाकणारा तांडेल काळा, बुटका, बोलका माणूस. अजून निघायला वेळ आहे, ओहोटी लागू दे, असं तो म्हणाला.

“पाणी चढतं तेव्हा वर येतो, उतरतं तेव्हा खाली जातो. पाणीच नेतं आणि आणतं. आम्ही नुसते बसून राहतो.”

“नदी वर चढती?” तानूबाईनं विचारलं.

“दिवसातून दोनदा चढते.”

“डोंगराकडं?”

“डोंगराकडे.”

तानूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आपन घाटावरच्या, म्हून थट्टा करतोय. नदी कवा वर चढती व्हय!” मी तिला सांगायला हवं होतं. भरती-ओहोटीचा धडा मी दरवर्षी मुलींना शिकवते. पण तेवढ्यात पडाव सुटला, शीड भरलं आणि मी बोलायचं विसरूनच गेले. दोन्ही काठांना हिरवी, बुटकी, पाण्यात पाय रोवून उभी असलेली झाडं सरकत होती. बगळे उडत नव्हते, नुसते मान वळवून आम्हाला जाऊ देत होते. हळूहळू काठ एकमेकांपासून लांब गेले. वाऱ्याला निराळाच वास येऊ लागला, ओल्या लोखंडासारखा. तानूबाईनं ओठ चाटले. “खारट लागतंय, बाई. वारं खारट हाय.” संध्याकाळी बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी, उत्तरेच्या काठावर बागमांडल्याला उतरलो तेव्हा माझ्या केसांवरून हात फिरवला तर बोटांना मीठ लागलं.

ती रात्र हरिहरेश्वरला. समुद्र तिथे नुसता ऐकला; थोरलीला तिच्या गावचाच आधी दाखवायचा म्हणून आम्ही तिकडे वळलो नाही. सकाळी बैलगाडीनं श्रीवर्धन. रस्ता तांबडा, धूळ तांबडी. पांढरं लुगडं नेसून जाऊ नये.

श्रीवर्धनात शिरताना उजेड बदलतो. बाहेर माघाचं कोरडं ऊन असतं आणि आळीत पाऊल टाकलं की दोन्ही अंगांना सुपारीच्या वाड्या, सरळसोट, दाटीनं उभ्या. त्यांच्यातून ऊन गाळल्यासारखं हिरवट होऊन खाली येतं. वाड्यांच्या कडेनं जांभ्या दगडाचे बुटके बांध, म्हणजे गडगे, त्यांवर शेवाळाची मखमल. मधून जाणारी दगडी पाखाडी इतकी झिजलेली, की अनवाणी पायाला ती मऊ लागते. कुठेतरी आत रहाट कुरकुरत असतो आणि पाटातून पाणी एका सुपारीच्या बुंध्याकडून दुसरीकडे जात असतं. याच गावातून पेशव्यांचं घराणं घाटावर गेलं. त्यांच्या घराची जागा लोक दाखवतात, लक्ष्मीनारायणाचं देऊळ दाखवतात, ते पाहावंच. पण मला त्या दुपारी वाटलं की हे गाव कशाचीच आठवण काढत बसलेलं नाही. ते नुसतं डोळे मिटून पडलंय आणि समुद्र त्याच्या उशाशी श्वास घेतोय.

शाळेतल्या एका बाईंच्या काकू तिथे एकट्या राहतात, त्यांच्याकडे आम्ही उतरलो. त्यांनी तांदळाची घावनं आणि गूळ घातलेला नारळाचा रस पुढे ठेवला. तानूबाईला पान ओटीवर वाढलं, तेव्हा मीही माझं पान उचलून ओटीवर गेले. थोड्या वेळानं काकू स्वतःच उंबऱ्यात येऊन बसल्या.

भागीच्या माहेरचं मी विचारलं. काकूंनी बराच वेळ आठवून पाहिलं.

“वाडीच्या टोकाला झोपडी होती खरी. पण ते घर उठलं गं. म्हातारा गेला, पोरगे मुंबईला गिरणीत गेले. आता तिथे केळी आहेत.”

आम्ही ती जागा पाहून आलो. केळीचं बन होतं. एक मोडका जोत्याचा दगड होता, त्यावर तानूबाईनं हळदकुंकू वाहिलं. परतताना ती म्हणाली, “म्हंजी हितं तिला द्यायला मानूस न्हाई. ऱ्हाता ऱ्हायला समिंदर.”

पौर्णिमेला पहाट फुटताच आम्ही किनाऱ्यावर गेलो. समुद्र पहिल्यांदा पाहिला त्याचं काय लिहू! तो पुष्कळ लांब होता, मागे सरलेला, राखी रंगाचा, जवळजवळ गप्प. ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलं होतं आणि आम्ही दोघी आभाळावरून चालत होतो. तानूबाईनं पायातल्या वहाणा केव्हाच काढल्या होत्या. गळ्यातला टाक तळहातावर घेऊन, दोरा पुरेल तेवढा हात पुढे करून ती चालत होती, जसं एखादीनं तान्ह्याला प्रथम अंगणात आणावं.

किनाऱ्याच्या एका टोकाला काळे खडक आहेत. पाणी उतरलेलं, म्हणून ते उघडे पडले होते. एका बुटक्या खडकावर ओंजळभर पाणी साचलं होतं. तानूबाईला ती जागा पसंत पडली. पासलीला सुगीनंतर देव ओढ्यावर न्हायला नेतात. वाहत्या पाण्यात दगडावर देव मांडायचे, हळद लावायची, फूल ठेवायचं आणि पाठ करून काठावर यायचं. देव न्हाताना माणसांनी बघायचं नाही. शिदोरी खाऊन झाली की मग वळायचं. तानूबाईनं अगदी तसंच केलं. गळ्यातला दोरा काढला. इतक्या वर्षांत तो उतरला नव्हता. टाक पाण्यात ठेवला, झेंडूचं फूल ठेवलं.

“न्हा बाई पोटभर. तुजंच पानी हाय. मग सांग, हितं ऱ्हातीस का येतीस.”

आम्ही वर येऊन केवड्याच्या कुंपणाआड गावाकडे तोंड करून बसलो. भाकरी सोडली, काकूंनी दिलेलं आंब्याचं लोणचं काढलं. तानूबाईनं तुकडा मोडला आणि टाकासमोर ठेवायला हात गळ्याकडे गेला. गळा रिकामा होता. ती कसनुसं हसली. “घास पुडं जाईना बगा.”

मागून समुद्राचा आवाज वाढत होता. मला तो छान वाटत होता. त्या आवाजावर डोळे मिटून मी किती वेळ बसले होते कोण जाणे.

आम्ही वळलो तेव्हा खडक नव्हते.

जिथे आम्ही आभाळावरून चाललो होतो तिथे कमरेएवढ्या लाटा फुटत होत्या. तानूबाई क्षणभर उभी राहिली, मग “थोरले!” अशी हाक मारून पाण्यात धावली. मी तिच्या मागे. एक लाट आमच्या दोघींच्या अंगावर आली, मी तिचा पदर धरला, ती पडली, उठली, पुन्हा पुढे निघाली.

“काय गो, मरायचं हाय काय?” काठावरून कोणीतरी ओरडलं. टोपली डोक्यावर घेतलेली एक म्हातारी कोळीण पाण्यात शिरली आणि तिनं तानूबाईला दंडाला धरून सरळ बाहेर ओढलं. मी धापा टाकत सारं सांगितलं. ऐकता ऐकता कोळणीच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं.

“भरतीच्या पान्यात देव ठेवून जेवायला बसल्या? घाटावरच्या काय गो तुमी?” मग तानूबाईकडे पाहून ती हसायची थांबली. “कोनाचा टाक?”

“सवतीचा.”

कोळणीनं टोपली खाली ठेवली. “बस बाय. आता दर्याला घाई करून काय नाय. दुपार कलली की पानी उतरंल. तवा बघू.”

ती गेली. आम्ही माडाच्या सावलीत ओल्या कपड्यांनी बसलो. समोर समुद्र चढतच होता, हिरवा, चकाकता, कशाचं काही न वाटणारा. मी तिला भरतीचं सांगू लागले, सूर्य, चंद्र, पाणी कसं ओढलं जातं ते. तिनं ऐकून घेतलं.

“म्हंजी त्यो नाववाला खरं बोलत हुता.”

“हो.”

मग ती आपणहून बोलू लागली, समुद्राकडे पाहतच. “म्या तिला बगितलीच न्हाई, बाई. पर घरात पाऊल टाकलं त्या दिसापास्नं तिला भ्याले. पोर आजारी पडलं, थोरली कोपली. म्हस आटली, थोरली कोपली. एकदा भांडले बी तिच्याशी. म्हनलं, तुजं सारं करते, तुजा नवरा संबाळते, आनि काय पायजे? मग रडले. आन् मग रडून झाल्यावर तिलाच सांगत बसले, दुसरं कोन हुतं ऐकायला?” तिनं गळ्यावरून हात फिरवला. “सोडावी म्हून आले हुते, खरं सांगते. हलकं वाटंल म्हनलं. आता गळा हलका झालाय, तर मला श्वास येईना.”

मी तिचा हात हातात घेतला. मला आमच्या घरातला तो कोनाडा आठवत होता. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत साफसफाई करताना तिथे मागे सरकलेली एक शिंगाची फणी सापडली होती, तीत दोन लांब केस होते. मी ती तशीच परत ठेवली. ती कोणाची हे मी विचारलं नाही, आणि कोणी सांगितलं नाही. तानूबाईला भांडायला तरी कोणी होतं, असं माझ्या मनात आलं.

“आता ह्योच कौल,” तानूबाई शेवटी म्हणाली. ती उठून उभी राहिली आणि लाटांना मोठ्यानं सांगितलं, “थोरले, ऐक. ऱ्हायचं असंल तर ऱ्हा. माजं काय म्हननं न्हाई. यायचं असंल तर थांब.” मग ती खाली बसली आणि तिनं या खेपेला पाठ केली नाही.

ऊन पिवळं झालं. पाणी उतरायला लागलं ते कळतही नव्हतं. फक्त वाळूवर ओलीची एक रेघ मागे राहिली, मग दुसरी. काळा एक ठिपका वर आला, बुडाला, पुन्हा वर आला. कोळीण सांगितल्याप्रमाणे आली होती. हातात कालवं फोडायची लोखंडी आकडी होती.

“थांबा हितंच, पाय कापतील,” म्हणून ती पुढे गेली. पण तानूबाई कसली थांबते! खडकावरची ओंजळ आम्ही पाहिली. पाणी नितळ होतं. फूल नव्हतं, टाक नव्हता. तानूबाईनं नुसतं त्या पाण्यात बोट बुडवून बाहेर काढलं.

कोळीण खडकाच्या समुद्राकडच्या अंगाला वाकली होती. तिथे कालवांचा थर असतो, धारदार, शिंपल्याला शिंपला चिकटलेला.

“ये गो बाय,” तिनं हाक मारली. “ही बघ तुझी सवत. कशी धरून बसलीय ती!”

काळा दोरा कालवांच्या धारांत दोन ठिकाणी अडकला होता आणि टाक उलटा होऊन लोंबत होता. हळद धुऊन गेली होती. चांदी इतकी लख्ख, की मावळतीचं ऊन तिच्यात मावत नव्हतं.

तानूबाई गुडघ्यावर बसली. हात पुढे गेला आणि थांबला. “थांबली गं,” ती म्हणाली. “माहेरात हुती, मोकळी हुती, तरी थांबली.” आणि मग ती रडली. भीतीनं रडणारी तानूबाई मी पाहिली आहे, हे रडणं तसं नव्हतं. कोळणीनं आकडीनं दोरा अलगद सोडवला, टाक स्वतःच्या पदरानं पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. दोऱ्याबरोबर एक कालव सुटून आलं होतं. ते तिनं मला दिलं.

“तुला घे गो बाय. तू बी दिसभर बसलीस.”

संध्याकाळी पुरा चंद्र वर आला तेव्हा आम्ही सुपारीच्या आळीतून परतत होतो. पाखाडीवर पानांच्या सावल्या हलत होत्या. तानूबाई पुढे चालत होती आणि गळ्याशी हात नेऊन हळू आवाजात बोलत होती: ह्ये बग रहाट, ह्ये बग देऊळ, तुज्या येळंला पन हितं असंच हुतं का? मी चार पावलं मागे राहिले. दोघींच्या बोलण्यात जाऊ नये असं वाटलं.

परतीची वाट तीच, फक्त उलटी. सावित्रीत पाणी डोंगराकडे चढताना तानूबाईनं तांडेलाला मुद्दाम म्हटलं, “चढती बरं का नदी.” तो खूश झाला. भोरला धोंडिबा उभाच होता. त्यानं आधी बायकोच्या गळ्याकडे पाहिलं.

“आली?”

“आपल्या मनानं आली,” तानूबाई म्हणाली. “आता तुमी काय ऐट करू नका.”

ते कालव मी घरी उकडून उघडलं, आतलं मांजराला दिलं आणि शिंपला घासून देवाच्या कोनाड्यात ठेवला. बाहेरून तो ओबडधोबड, काळा आहे. आतून दुधासारखा. यजमान कचेरीला निघाले होते, त्यांची नजर गेली.

“हे काय?”

“द्वारकाबाईंसाठी आणलाय.”

इतक्या वर्षांत या घरात मी ते नाव पहिल्यांदा उच्चारलं. ते उभे राहिले. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मग निघून गेले. दिवसभर शाळेत माझं लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी दिवा लावायला गेले. शिंपला मी कडेला ठेवला होता, तो कोणीतरी आत सरकवला होता, पडू नये असा. त्यात जाईची दोन फुलं होती. आमच्या अंगणात जाई नाही. ती कचेरीच्या वाटेवर, नीरेच्या पुलापलीकडे आहे.